कोनफ्लॉवर: बी फ्रीजमध्ये ठेवण्यापासून ते मुळं खणण्यापर्यंत सगळं

माझं पहिलं कोनफ्लॉवर मी पाणी घालून घालून मारलं. खोटं कशाला बोलू. रोप आणलं, मस्त शेणखत घातलेल्या मातीत लावलं, सकाळ-संध्याकाळ पाणी, दर आठवड्याला द्रवखत, आणि दीड महिन्यात बुडाशी काळं पडून झोपलं. त्याच खेपेला आणलेलं दुसरं रोप जागा नाही म्हणून कोपऱ्यात खडी-मातीच्या ढिगावर खोचून ठेवलं होतं, त्याच्याकडे बघायलाही वेळ झाला नाही, आणि ते अजून आहे, दरवर्षी फुलतं, त्याची पिल्लं आता चार ठिकाणी लावलीयेत. म्हणून या लेखात "हे करू नका" जरा जास्त वेळा येईल, सांभाळून घ्या.

आधी ओळख, म्हणजे पुढचं सगळं पटेल

कोनफ्लॉवरचं शास्त्रीय नाव एकिनेशिया. ग्रीक भाषेत काटेरी अंगाच्या प्राण्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आलं, आणि का आलं ते कळायला फुलाच्या मधल्या फुगीर गोळ्यावर बोट फिरवून बघा, चांगलं टोचतं. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये याला रुडबेकिया नावाच्या दुसऱ्याच फुलझाडाच्या घरात घातलं होतं, मग १७९४ मध्ये कॉनराड म्योंख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगळं काढून आत्ताचं नाव दिलं.

सूर्यफूल, झेंडू, शेवंती, झिनिया यांचंच हे भावंड. म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर शेकडो बारीक फुलांचं गाव असतं. बाहेरच्या गुलाबी पाकळ्या निव्वळ जाहिरात, त्यांना बी धरत नाही. खरी फुलं मधल्या गोळ्यात असतात आणि ती कडेकडून आत अशी रोज एकेक रांग उमलत जातात, म्हणूनच एक फूल दोन-तीन आठवडे टिकल्यासारखं दिसतं. आणि ते केशरी काटे म्हणजे या बारक्या फुलांच्या मधली टणक पानं.

मूळ घर उत्तर अमेरिकेचा मध्य आणि पूर्व भाग. उघडी गवताळ माळरानं, विरळ झाडी, खडकाळ उतार. भरपूर ऊन, कडक हिवाळा, मधेच पाऊस मधेच कोरडं, आणि खत घालायला कोणी नाही. हे एवढं चित्र डोक्यात ठेवलंत ना, तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

कुठली जात घ्यायची

एकूण जाती नऊ-दहा, पण घरच्या बागेत मुख्यतः चार भेटतात. पर्प्युरिया सगळ्यात सोपी, ६० ते १२० सेंटीमीटर उंच, रुंद पानं, जांभळट गुलाबी फूल. हिची मुळं तंतुमय, म्हणजे झुपक्यासारखी, त्यामुळे उपटून दुसरीकडे लावली तरी सहन करते आणि गड्डा फोडून वाटताही येतो. अँगस्टिफोलिया बुटकी, पानं अरुंद, खाली खोल जाणारं सोटमूळ. पॅलिडाच्या पाकळ्या लांब, फिकट आणि खाली लोंबत्या, भिजलेल्या फ्रॉकसारख्या, मला फार आवडते पण तिलाही सोटमूळ आहे त्यामुळे एकदा लावली की हलवायचं नाव काढायचं नाही. आणि चौथी पॅराडॉक्सा, जी पिवळी असते. जांभळ्या-गुलाबी खानदानात पिवळी निघाली म्हणून नावच विरोधाभास पडलं बिचारीचं.

आज जे केशरी, लाल, आमरस रंगाचे कोनफ्लॉवर दिसतात ते याच पिवळीचा पर्प्युरियाशी संकर करून आलेत. दिसतात भारी, पण माझं मत विचाराल तर पहिलं झाड म्हणून ते घेऊ नका. कित्येक संकरित वाण पहिल्या वर्षी जीव तोडून फुलतात आणि पुढच्या सीझनला उगवतच नाहीत, आणि माणसाला वाटतं आपलंच चुकलं. साधी पर्प्युरिया घ्या किंवा 'मॅग्नस' घ्या, ज्याच्या पाकळ्या खाली न पडता आडव्या सपाट राहतात, १९९८ साली अमेरिकेत याला वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं होतं. पांढरं हवं असेल तर 'व्हाइट स्वान'. बियांपासून पहिल्याच वर्षी फुलं हवी असतील तर 'पॉवॉव वाइल्ड बेरी' किंवा 'शायन स्पिरिट', दुसऱ्यात एकाच पाकिटातून लाल, केशरी, पिवळे, पांढरे असे मिक्स रंग निघतात.

डबल फुलांच्या वाणांबद्दल एक. गोंड्यासारखी भरगच्च फुलं फोटोत छान वाटतात, पण त्यात मधमाशीला परागापर्यंत पोचायला वाटच राहत नाही, काहींत तर पराग आणि मध जवळपास नसतोच. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात माउंट क्यूबा सेंटर नावाची वनस्पती-बाग आहे, तिथे २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं कोनफ्लॉवरचे बरेच वाण शेजारी-शेजारी लावून कीटक मोजले, त्यातही एकेरी फुलांवरच गर्दी जास्त दिसली. तेव्हा माश्या-फुलपाखरं हवी असतील तर एकेरीच.

जागा आणि माती

दिवसाला कमीत कमी ६ तास थेट ऊन. याहून कमी मिळालं तर झाड मरणार नाही, पण उजेडाकडे लांबत जाईल, दांडे लेचेपेचे होतील आणि फुलं आली की आडवं पडेल. जिथे उन्हाळा फारच भाजतो तिथे सकाळचं ऊन आणि दुपारी ३ नंतर थोडी सावली हे उत्तम, रंगही कमी उडतो.

उन्हापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा निचरा. याची टेस्ट करा, काम सोपं आहे: ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि आता बघा एका तासात पातळी किती उतरते. अडीच ते पाच सेंटीमीटर उतरली तर बिनधास्त लावा. तासाभराने पाणी जिथल्या तिथे असेल तर त्या जागी लावू नका, किंवा मग २० ते २५ सेंटीमीटर उंचीचा वाफा करून त्यावर लावा. चिकणमातीत वाळू मिसळा असं सगळे सांगतात, मीही केलं, आणि वाळू थोडी पडली की ती माती सुकल्यावर काँक्रीटसारखी होते हे स्वतः फावडं मारून शिकले. त्यापेक्षा कंपोस्ट मिसळा आणि वाफा उंच करा.

मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या आसपास असला की झालं, थोडा वर गेला तरी चालतं. लावताना वरच्या मातीत दोन-तीन सेंटीमीटर जुनं कुजलेलं कंपोस्ट मिसळायचं, बास. ताजं शेणखत नाही, युरिया तर नाहीच नाही. नायट्रोजन जास्त झाला की पानं हिरवीगार, दांडे मऊ, फुलं कमी, आणि त्या मऊ पानांवर मावा लगेच येतो.

कुंडीत होतं का? होतं. ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढीच रुंद कुंडी एका झाडाला, खाली भोकं मोकळी, मातीत एक तृतीयांश जाडसर वाळू, बारीक खडी किंवा पर्लाइट. इथे वाळू चालते कारण प्रमाण भरपूर आहे आणि मूळ माती चिकण नाही. सोटमूळवाल्या जाती मात्र कुंडीत घालू नका, त्यांना खोली पुरत नाही.

बियांपासून करायचं असेल तर

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. बी टाकलं, महिना झाला, काहीच नाही, मग पाकीटवाल्याला शिव्या. खरी गोष्ट अशी की या बियांना थंडी आणि ओल एकत्र मिळून "हिवाळा गेला" अशी खूण लागते. पर्प्युरियाचं काही बी थंडीशिवायही उगवतं, पण थंडी दिली की जास्त उगवतं आणि एकदम उगवतं. अँगस्टिफोलिया, पॅलिडा आणि पॅराडॉक्साला तर थंडी हवीच.

मग हिवाळा फ्रीजमध्ये करायचा. एक जाड टिश्यू किंवा सुती कापड ओलं करा आणि घट्ट पिळा, इतकं की परत पिळल्यावर थेंब पडता कामा नये. बी त्यावर एका थरात पसरा, घडी घाला, झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवीत थोडी हवा राहू द्या, वर जात आणि तारीख लिहा आणि फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून द्या, जिथे साधारण ४ अंश सेल्सिअस असतं. फ्रीझरमध्ये नाही हां. पर्प्युरियाला ४ ते ६ आठवडे, अँगस्टिफोलियाला ८ ते १२. दर आठवड्याला उघडून बघायचं: सुकलं असेल तर शिंपडायचं, बुरशी दिसली तर बी धुऊन नवीन कापडात घालायचं, आणि एखाद्या बीने पांढरं शेपूट काढलं असेल तर ते लगेच मातीत. माझ्या पहिल्या पिशवीत कापड पाण्याने निथळत होतं, पंधरा दिवसांत आत काळ्या बुरशीची शेती झाली. दुसरी पिशवी घरातल्यांनी काहीतरी खराब झालंय समजून फेकली, त्यामुळे नाव लिहा म्हणतेय ते मनावर घ्या.

थंडी झाली की पेरणी. बारीक मऊ मिश्रण, बी ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा खोल नाही, कारण थोडा उजेड मिळाला की बरं उगवतं, वरून नुसती मातीची भुकटी भुरभुरायची. तापमान १८ ते २१ अंश. पाणी वरून न ओतता ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्यायचं, नाहीतर ते कोवळे दांडे बुडाशी सडून कोलमडतात आणि एका रात्रीत सगळा ट्रे जातो. १० ते २० दिवसांत उगवतं, काही आळशी मंडळी महिनाभर घेतात, तेव्हा ट्रे लगेच रिकामा करू नका. खऱ्या पानांच्या (उगवताना येणारी पहिली दोन सोडून) दोन जोड्या आल्या की एकेक रोप वेगळ्या कपात. सहा-आठ आठवड्यांची रोपं बाहेर न्यायची तर एकदम नाही, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू वाढवत ८-१० दिवसांत पूर्ण उन्हात.

जिथे खरीखुरी कडाक्याची थंडी पडते तिथे हा सगळा खटाटोप करायची गरजच नाही, हिवाळ्याच्या तोंडावर बी थेट वाफ्यात टाकायचं, बाकीचं निसर्ग बघतो. आणि जिथे थंडी जेमतेम असते तिथे एक मान्य करून चालायचं की झाड माळरानावर जगतं तितकी वर्षं कदाचित जगणार नाही, त्याला थंडीतली झोप नीट मिळत नाही. अशा ठिकाणी पावसाळा संपताना लावा, कारण उकाडा आणि साचलेलं पाणी हे दोन्ही एकत्र आले की हे झाड हमखास सडतं, आणि दर दोन-तीन वर्षांनी थोडं नवीन बी लावत राहा.

रोप जमिनीत लावताना

दोन झाडांत ४५ ते ६० सेंटीमीटर अंतर. लहान रोपं बघून हे अंतर फार वाटतं आणि हात शिवशिवतात मधे अजून एक खोचायला, खोचू नका, हवा खेळली नाही की पुढे पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी येते. तीन किंवा पाचच्या घोळक्यात लावलं तर छान दिसतं, एकटं झाड जरा हरवल्यासारखं वाटतं.

खड्डा कुंडीइतकाच खोल, दुप्पट रुंद. मुळं गोल गोल गुंडाळली असतील तर बोटाने सैल करा. आणि मुख्य म्हणजे मूळ आणि दांडे जिथे भेटतात तो भाग, ज्याला मी डोळ्यांचा गड्डा म्हणते, तो मातीच्या पातळीलाच राहिला पाहिजे, गाडला की सडला समजा. एकदा भरपूर पाणी द्या. वर वाळक्या पानांचं आच्छादन ३ ते ५ सेंटीमीटर, पण गड्ड्यापासून चार बोटं लांब.

पाण्याचं गणित असं की पहिल्या सीझनला आठवड्यातून एकदा खोल पाणी, पाऊस असेल तर तेही नाही. बोट ५ सेंटीमीटर मातीत घाला, आत ओल लागली तर पाइप खाली ठेवा. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, मुळं वरच्या वर राहतात. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला फक्त लांबलेल्या कोरड्या काळात पाणी. कुंडीतल्याला अर्थातच जास्त वेळा लागतं. पाणी नेहमी बुडाशी, पानांवर नाही.

पहिल्या वर्षी बियांपासून आलेलं झाड बहुतेक वेळा नुसती पानांची जमिनीलगत गोल बैठक करून बसतं. काहीही बिघडलेलं नाहीये, ते खाली मुळं करतंय. यात घाबरून खत घालणारे बरेच बघितलेत. उलट उशिरा लावलेल्या रोपाला, खासकरून संकरित, कळी आलीच तर ती खुडा. जीवावर येतं मान्य आहे, पण ती ताकद मुळाला मिळाली तर झाड हिवाळा काढतं.

फुलं यायला लागली की

दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्याच्या मध्यापासून पुढे दोन-तीन महिने फुलतं. फूल मावळलं की नुसतं डोकं तोडायचं नाही, दांडा खाली पहिल्या पानापर्यंत किंवा बाजूच्या छोट्या कळीपर्यंत कापायचा, तिथून परत फुटतं. झाड फार उंच होऊन पडत असेल तर फुलण्याच्या साधारण सहा आठवडे आधी अर्धे दांडे एक तृतीयांशाने छाटा, ते बुटके आणि दाट होतात आणि थोडे उशिरा फुलतात, त्यामुळे न छाटलेले आधी आणि छाटलेले नंतर असा सीझन लांबतो.

पण सीझनच्या शेवटी छाटणी बंद. शेवटची फुलं झाडावरच वाळू द्या. काळे-तपकिरी गोळे दिसायला छान असतात, आणि बी खाणारे पक्षी त्यावर लटकून एकेक बी ओढून काढताना बघणं हा माझ्या मते या झाडाचा सगळ्यात मोठा उपयोग आहे, चहाबिहा नंतर. वाळके दांडे नवीन फूट दिसायला लागली की मगच कापा. त्यातही थोडे २०-३० सेंटीमीटरचे खुंट ठेवले तर दांड्यात घर करणाऱ्या छोट्या एकट्या माश्यांची सोय होते.

काय काय बिघडतं

एरवी हे झाड निरोगी, पण एक रोग असा आहे की तो ओळखता आलाच पाहिजे: ॲस्टर यलोज. फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होतो आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. लक्षणं विचित्र असतात, फूल हिरवंच राहतं, पाकळ्यांच्या जागी पानं, फुलातून दुसरी फुलं निघतात, पानं पिवळी पण शिरा हिरव्या, बुडाशी झाडूसारखी बारीक फुटींची गर्दी. याला औषध नाही. फवारू नका, छाटू नका, वाट बघू नका, मुळासकट उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्येही नाही. झेंडू, शेवंती, सलाडचा लेट्यूस, गाजर यांनाही तो लागतो म्हणून घाई करायची.

मात्र उपटायच्या आधी नीट बघा, कारण असंच दिसणारं एक सोंग आहे. डोळ्याला न दिसणारा एक बारीक कोळी फुलाच्या गोळ्यात राहून रस शोषतो, त्यामुळे गोळ्यावर हिरवट-लालसर गुच्छ उगवतात. फरक असा की तिथे फक्त गोळ्याचं वरचं टोक वेडंवाकडं असतं, पानं आणि बाकी झाड ठणठणीत. अशा वेळी ती फुलं तोडून टाकली की पुरतं, सीझनच्या शेवटी सगळी डोकी कापून टाका. मी हे माहीत नसताना एक चांगलं तीन वर्षांचं झाड उपटून फेकलंय, अजून हळहळ वाटते.

फुलाची मान एखाद्याने कात्रीने अर्धवट कापल्यासारखी लटकत असेल तर तो एक काळा सोंडकिडा असतो, अंडी घालण्याआधी दांडा कुरतडतो, हा मुख्यतः उत्तर अमेरिकेतला त्रास. लटकलेली आणि खाली पडलेली डोकी गोळा करून नष्ट करा म्हणजे पुढची पिढी तिथेच थांबते. भुरीला अंतर आणि हवा हाच उपाय. गोगलगायी कोवळी रोपं रात्रीत फस्त करतात, पहिले काही आठवडे टॉर्च घेऊन वेचा. मावा पाण्याच्या फवाऱ्याने जातो.

बुडाशी काळं, झाड सुकलेलं पण माती ओली? हे मुळं कुजल्याचं लक्षण, आणि नेमकं तेव्हाच आपण "सुकलंय" म्हणून अजून पाणी घालतो.

वाटणी आणि बी साठवणं

पर्प्युरियाचा झुपका तीन-चार वर्षांनी मधे विरळ पडला, फुलं लहान व्हायला लागली तर फोडा, नाहीतर उगाच हात लावू नका. नवीन फूट चार-पाच सेंटीमीटरची असताना गड्डा पूर्ण खणून काढा, धारदार सुरीने असे भाग करा की प्रत्येकाला दोन-तीन डोळे आणि भरपूर मुळं राहतील, लगेच लावा. त्या वर्षी फुलं कमी येतील.

बियांसाठी दोन वेगळी झाडं लागतात, कारण स्वतःच्याच परागाने या झाडात बी धरत नाही, आणि एकाच झाडाचे दोन तुकडे म्हणजे दोन झाडं नव्हेत बरं का. गोळा पूर्ण काळा-तपकिरी आणि कडक झाला, फुलून गेल्यावर चार-पाच आठवड्यांनी, की दांड्यासकट कापून कागदी पिशवीत उलटा टांगा, दोन आठवड्यांनी जाड हातमोजे घालून चुरडा. हातमोज्यांशिवाय करणारा एकदाच करतो. बी चौकोनी कडांचं, फिकट, एका टोकाला तपकिरी पट्टा. दाबून चपटं झालं तर पोकळ, टाकून द्या. संकरित वाणांचं बी धरतंच असं नाही आणि धरलं तरी आईसारखं निघत नाही.

फुलदाणीत

पाकळ्या नुकत्या पूर्ण उघडल्या आणि गोळ्याची बाहेरची एक-दोन रांगच उमलली असेल तेव्हा, सकाळी लवकर कापा. अर्धवट उमललेली कळी कापली तर ती पाण्यात पुढे उमलत नाही. खालची पानं काढून तासभर खोल पाण्यात, मग फुलदाणीत, दर दोन दिवसांनी पाणी बदललं तर आठवडाभर आरामात. पाकळ्या गळाल्या तरी गोळा ठेवा, नुसते वाळके गोळे सुक्या सजावटीत झकास दिसतात.

औषध, चहा आणि थोडं डोकं ठिकाणावर ठेवणं

उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागातले लाकोटा, शायन, पॉनी असे मूलनिवासी समाज हे मूळ दातदुखी, घसादुखी, दंश यावर वापरत आले, आणि त्यात अर्थ होता कारण मुळात अल्कामाइड नावाची द्रव्यं असतात, तुकडा चावला की जीभ झिणझिणून थोडी बधिर होते. पुढे नेब्रास्काच्या मायर नावाच्या औषधविक्याने यापासून "रक्तशुद्धी"ची बाटली काढली आणि १८८०च्या दशकात सिनसिनाटीच्या डॉक्टर-औषधतज्ज्ञ मंडळींना सांगितलं की मी तुमच्यासमोर रॅटलस्नेक चावून घेतो मग तर पटेल? त्यांनी काही ते मानलं नाही. पण औषध पसरलं. सापावर वगैरे याचा उपयोग समजू नका, साप चावला की थेट हॉस्पिटल.

सर्दीचं काय? २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेने २४ चाचण्या, ४,६३१ माणसं असा आढावा घेतला, निष्कर्ष असा की सर्दी बरी करण्यात ठोस फायदा दिसला नाही, काही उत्पादनांचा थोडासा परिणाम असेलही पण तो कमकुवत. शिवाय बाटल्यांमध्ये जात वेगळी, भाग वेगळा, काढण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही. मी चहा पिते तो गवतासारखा कोवळा वास आणि जिभेवरची झिणझिण आवडते म्हणून.

कोणी घेऊ नये ते आधी: झेंडू-शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असलेल्यांनी अजिबात नाही. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असे) आजार, टीबी, एचआयव्ही असलेले, यांनी नाही. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. युरोपियन मेडिसिन्स एजन्सी पर्प्युरियाच्या पाल्यापासून केलेलं सर्दीचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका आणि सलग १० दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका असं सांगते, घरच्या चहालाही मी तोच नियम लावते. आणि अर्थातच झाडावर कीटकनाशक मारलेलं असेल किंवा रोप नुकतंच नर्सरीतून आलं असेल तर त्या सीझनला तोंडात काही घालायचं नाही.

पानं-फुलं फुलोऱ्याच्या सुरुवातीला, दव सुकल्यावर कापा. एका झाडाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. सावलीत हवेशीर जागी एका थरात सुकवा, ड्रायर असेल तर ४० अंशांखाली. कुडकुडीत झालं की काचेच्या बरणीत, अंधारात, वर्षभरात संपवा. चहाला एक ते दोन चमचे सुका पाला, एक कप उकळतं पाणी, झाकून १० मिनिटं, गाळून. चव फार काही ग्रेट नाही, आलं किंवा पुदिना घातला की सुधारते.

मुळासाठी झाड किमान तीन वर्षांचं हवं, आणि पानं वाळल्यावर, झोपेत गेल्यावर खणायचं. रानातून आणलेलं मूळ विकत घेऊ नका, अँगस्टिफोलियाची रानातली झाडं यापायी ओरबाडली गेलीत. घरच्या पर्प्युरियाचा गड्डा काट्याच्या फावड्याने सैल करून उचला, माती झटका, बाहेरची जाड मुळं कापून घ्या आणि निम्मी तरी आत ठेवा. कापलेली मुळं ब्रशने धुऊन ओली असतानाच चिरा, कारण सुकल्यावर ती लाकडासारखी होतात आणि सुरी मोडते. उरलेला डोळ्यांचा गड्डा दोन-तीन तुकड्यांत फोडून त्याच दिवशी परत लावा, पातळी जमिनीलाच, एकदा पाणी, आणि पुढची फूट दिसेपर्यंत तिकडे फिरकू नका.